डेरेच्या काठ्या

बसवनगुडी, बेंगळूर
ता. ३० ऑगस्ट १९६१

तीर्थस्वरूप सौ. अहल्याक्कांच्या पायांशी धाकट्या हयवदनाचा दंडवत. (दंडवत तूर्त कागदावरच घातला आहे. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. का, ते पुढे येईलच.) इकडे मी, सौ. वसुमती आणि स्वतःहून राहायला आलेली एक मांजर, असे तिघेही खुशाल आहोत. दाजींचा दमा कसा आहे? धारवाडचा पाऊस त्यांना मानवत नाही हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे, आणि पाऊस आला की ते अनवाणी अंगणात जाऊन उभे राहतात हेही वर्षानुवर्षं ऐकतो आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या चपला कुठे आहेत तेही विचारा. तुमच्या गुडघ्यांना तेल लावता ना? नातवंडांना अनेक आशीर्वाद. धाकटीचा खोकला आता थांबला असेल. थांबला नसेल तर ओव्याची पुरचुंडी शेकवा, असं ही आतून ओरडून सांगते आहे.

पत्रास कारण की आभार. एवढे आभार मानायचे आहेत की दोन ओळींच्या कार्डात ते बसेनात, म्हणून पाकीट आणवलं. तुम्ही मे महिन्यात डेलियाचे कंद पाठवलेत, त्यांची ही सगळी हकीकत आहे. गोणपाटात शिवलेलं ते पार्सल पोस्टमननं हुंगून पाहिलं आणि रताळी आली म्हणून माझ्या हातात दिलं. मीही ते रताळी म्हणूनच घेतलं. नेमकी एकादशी होती. एक कंद धुऊन पातेल्यात टाकला होता, तेवढ्यात हिनं माझा हात धरला. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं, की आधी काठी रोवा, मग तिच्या कुशीत कंद लावा, म्हणजे पुढे मुळाला इजा होत नाही. अक्का, ते वाचून मी हसलो. जमिनीत अजून काही नाही आणि तिथे काठी उभी करायची, म्हणजे मूल जन्मायच्या आधी पांगुळगाडा आणून ठेवण्यासारखं मला वाटलं. शिवाय रिकाम्या वाफ्यात नुसत्या काठ्या उभ्या पाहून गल्लीतले लोक काय म्हणतील? म्हणून आम्ही फक्त कंद लावले. (तुम्ही आता दाजींकडे बघून मान हलवत असाल. हलवा.)

गल्लीतल्या लोकांचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगतो. ही सॅनिटोरियममधून परत आली त्याला आता दोन वर्षं होतील. पूर्ण बरी होऊन आली. छातीचे फोटो स्वच्छ आहेत, वजन वाढलं आहे, जिना चढताना मी थांबतो आणि ती थांबत नाही. गल्लीतली माणसं चांगली आहेत, तोंडानं कोणी कधी वाकडं बोललं नाही. फक्त आमचं फाटक कोणी उघडेनासं झालं. शेजारच्या भीमाचार्यांच्या अनुसूयाबाई तुम्हाला आठवत असतील. रोज दुपारी पोथी झाली की त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, ‘स्वल्पच घाल गं’ म्हणायच्या आणि दोन लोटे कॉफी पिऊन जायच्या. त्या आता कुंपणाच्या भिंतीपलीकडून बोलतात. मनापासून बोलतात, चौकशी करतात, घरात काही गोडधोड झालं की भिंतीवरून देतातही. पण देतात ते केळीच्या पानाच्या द्रोणात. पूर्वी वाटी यायची आणि आपल्याकडचं काहीतरी घालून ती परत जायची. द्रोणाचं बरं असतं, तो परत द्यावा लागत नाही. ही मात्र रोज दुपारी कॉफीचं डिकॉक्शन चौघांचं घालायची, भिंतीकडे कान देऊन बसायची, आणि दिवेलागणीला ते मला प्यावं लागायचं. मला दोन वर्षं झोप नाही ती त्यामुळे. मी मात्र सगळ्यांना वय झालं असं सांगतो.

तर अशा घरात तुमचे कंद आले. हिनं ते लावल्यापासून (खड्डे मी खणले, हे नोंदवून ठेवा) घरातलं वारंच बदललं. सकाळी उठून आधी वाफ्याशी. कोणाला किती पानं फुटली, कोणाच्या शेंड्याला मावा लागला, त्यावर राखेचं पाणी. हिचं माहेर सागरचं, आणि मलनाडातल्या त्या मुलखात डेलियाला कन्नडात ‘डेरे’ म्हणतात. इथे बेंगळूरला सगळे डेलियाच म्हणतात, पण हिच्या तोंडून ऐकून ऐकून माझ्याही तोंडी डेरेच बसलं. सासुरवाडीचा शब्द वापरला की ही खूश होते, एवढं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि त्यानंतर जे फारसं काही कळलं नाही त्याची भरपाई मी त्यावरच करत आलो आहे. हा डेरे शब्द लक्षात ठेवा, अक्का. पुढचं सगळं महाभारत त्याच्यामुळे झालं.

जुलैअखेर झाडं माझ्या डोक्यावर गेली. (माझ्या डोक्यावर जायला फारसं लागत नाही, असं आपले अण्णा म्हणायचे, पण ही झाडं अण्णांच्याही डोक्यावर गेली असती.) फुलं तर अशी, की एकेक जेवणाच्या ताटलीएवढं. लाल, हळदी, आणि एक जांभळं, ज्याच्याकडे बघत मी दाढी अर्धी ठेवून उभा राहिलो होतो. पण डेरेचं खोड आतून पोकळ. वरती एवढं ओझं, त्यात फुलात पावसाचं पाणी साचलं की झाड हळूहळू पुढे झुकू लागायचं. आता काठी हवी हे मलाही पटलं. पहार घेऊन मी पहिल्या झाडापाशी रोवायला गेलो. जमिनीतून ‘कच्च’ असा आवाज आला. तुमच्या चिठ्ठीचा अर्थ मला त्या आवाजात कळला. ते झाड हळूहळू मान टाकून बसलं आणि मी मुंग्यांना दोष दिला.

मग मी पहार सोडून घरातल्या वस्तूंकडे वळलो. एका झाडाला माझी छत्री दिली. दोघांना मच्छरदाणीचे गज दिले, त्यामुळे त्या रात्रीपासून मच्छरदाणी माझ्या नाकावर टेकून झोपू लागली आणि डासांना चावायला आत यायचीही गरज उरली नाही. एका बुटक्या झाडाला ऑफिसातली, निवृत्तीच्या दिवशी मला भेट मिळालेली, रेघा आखायची गोल पट्टी दिली. बांधायला सुतळी चालेना, कारण तिनं खोड कापतं. काहीतरी मऊ हवं, म्हणून मी सेक्रेटरिएटात वर्षानुवर्षं डोक्यावर बांधलेला म्हैसुरी पेटा काढला आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. जरीचा काठ लाल डेरेच्या वाट्याला आला. ते झाड त्यानंतर दरबाराला निघाल्यासारखं दिसायचं, आणि मी त्याच्यासमोरून जाताना सवयीनं थोडा वाकायचो. सगळ्यांत उंच झाड उरलं होतं. स्टुलावर चढून त्याला वरून बांधत होतो. स्टूल हललं आणि ज्याला आधार द्यायला मी चढलो होतो त्याचाच आधार मी घेतला. दोघंही वाफ्यात. झाडाला काही झालं नाही. माझी कंबर मात्र धरली, आणि दंडवताची अडचण उद्भवली ती अशी.

एवढ्यात आमच्या भागातल्या बागप्रेमी मंडळींनी घरगुती बागांची स्पर्धा जाहीर केली. फाटकात शिरण्यापासून परसापर्यंत परीक्षक येऊन बघणार, रविवारी सकाळी. ही म्हणाली, नाव द्यायचं. मी म्हटलं, देऊ या, घर माझ्या नावावर आहे तर माझं देऊ या. तर ही म्हणाली, “दवाखान्याच्या तक्त्यावर माझं नाव होतं, तिथे तुमचं घालता आलं नव्हतं. आता फुलांच्या यादीतही माझंच राहू दे.” नाव सौ. वसुमतीबाई असं गेलं. मग तिनं आणखी एक विचारलं, अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता: परीक्षकांना फाटकाच्या आत यावंच लागतं ना, की बाहेरून बघूनही चालतं? मी म्हटलं, आत यावंच लागतं, नियम आहे. तिनं मान हलवली आणि पुन्हा खडे काढायला लागली. बक्षिसाबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आमच्या घरात सगळंच माझ्या उशिरा लक्षात येतं.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ झालं. छत्री उघडली गेली आणि झाडाला आडवं पाडून उडाली. गज वाकले. सेक्रेटरिएटची पट्टी तेवढी उभी राहिली, पण तिला बांधलेलं झाड आडवं. ही डोक्यावर पदर घेऊन पावसातच धावली, एकेक झाड हातानं उचलून उभं करायला लागली. मी दारातून ओरडलो, छाती सांभाळ म्हणून. ती वळून बघायलाही तयार नाही. शेवटी मीच गेलो आणि आम्ही दोघंही चिखलात एकेक झाड कवेत घेऊन उभे राहिलो, भिजत. खोडं मोडली नव्हती, अक्का. सगळी झोपली होती, पण मोडलं एकही नव्हतं. ही म्हणाली, उद्या सकाळी चांगल्या काठ्या आणा, सरळ, मजबूत, आणि देवाशपथ घरातलं काही बांधू नका.

शनिवारी सकाळी मी चिकपेटला गेलो. आता माझ्या कन्नडबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे. पण शहाजीराजांच्या मागोमाग आलेलं आपलं घराणं. इतक्या पिढ्यांचं पाणी अंगात मुरल्यावर एखाद्याला भाषा येत नसेल तर तो दोष पाण्याचा, असं मी मानतो. दोरखंडाच्या आणि बांबूच्या एका मोठ्या दुकानात गेलो. गादीवर नंजुंडप्पा नावाचे भारदस्त गृहस्थ बसले होते. मी खणखणीत कन्नडात म्हटलं, “डेरेगे कोलु बेकु.” डेरेला काठ्या हव्यात. ते सरसावून बसले आणि त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. डेरे किती उंच? मी म्हटलं, माणसाच्या डोक्यावर जाईल असं. घराच्या पुढे की मागे? मी म्हटलं, पुढेच, फाटकापासून दारापर्यंत. रंग कोणते? मला त्या माणसाच्या रसिकतेचं कौतुक वाटलं. बांबू विकणारा फुलांचे रंग विचारतो, हे बेंगळूरखेरीज कुठे घडणार? मी सांगितलं, लाल, पिवळा, आणि थोडा जांभळा. किती दिवस ठेवणार? मी म्हटलं, देवाची कृपा असेल तर दसऱ्यापर्यंत. यावर त्यांनी डोळे मोठे केले आणि माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. कार्य काय, असं त्यांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, उद्या भानुवारी, म्हणजे रविवारी, बघायला येणार आहेत. ते ऐकून त्यांचा चेहरा फुलला, त्यांनी मला पानसुपारी दिली आणि सगळं चांगलं होईल, मुलगी भाग्याची असेल, असं काहीसं म्हणाले. मला वाटलं, हिच्याबद्दल म्हणताहेत. मी म्हटलं, आहेच. ते म्हणाले, सरी, ठीक आहे, तुम्ही कशाला हात लावू नका, आमची माणसं येऊन सगळं उभं करून देतील. मी विसार ठेवला, समाधानानं हॉटेलात जाऊन दोसा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि कंबर धरून बसच्या रांगेत उभा राहिलो.

तुम्ही मराठी माणूस, अक्का, तुम्हाला केव्हाच कळलं असेल. डेरे म्हणजे सागरला फूल आणि उरलेल्या सगळ्या दुनियेत तंबू. आपल्याकडेही डेरा म्हणजे तंबूच. पण हिच्या फुलांनी माझ्या डोक्यातून तंबू पार उठवून लावला होता.

गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरलो तर आमच्या घराच्या जागी लाल-पिवळ्या पट्ट्यांचा भला मोठा डेरा. कडेनं जांभळी झालर. खाली गल्लीतली माणसं गोळा झालेली, आणि सगळी गप्प. भीमाचार्य आंघोळ करून ओल्या पंचानं कुंपणाशी उभे होते, मान खाली घालून. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा हात हातात घेतला. ते माणूस शास्त्रार्थ सुरू झाला की दुसऱ्याला बोलू न देणारं, आणि आता ते नुसता माझा हात थोपटत होते. मागून कोणीतरी हार आणला होता. कोणीतरी म्हणालं, धीर धरा, राव.

तेव्हा मला कळलं, की माझ्या घरासमोर डेरा कशाला घातला आहे.

अक्का, विनोद करायची मला सवय आहे, पण हे विनोदानं सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी सॅनिटोरियमच्या व्हरांड्यात डॉक्टर जे म्हणाले होते ते सगळं कानात परत आलं. काल पावसात भिजली, मी दारातून ओरडत बसलो, धरून आत आणली नाही, हेही आलं. आत जायचा धीर होईना. डेऱ्याचा खांब धरला, तर त्याला लाल डेरे बांधलेलं होतं, माझ्या पेट्याच्या जरीनं. आतून अनुसूयाबाईंचा हुंदके देऊन रडण्याचा आवाज येत होता. मी भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचलो.

अनुसूयाबाई जमिनीवर बसकण मारून रडत होत्या, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. आणि त्यांच्यासमोर ही, पाटावर बसून, फिल्टरमधून डिकॉक्शन ओतत होती.

झालं होतं असं. नंजुंडप्पांची गाडी मी दोसा खात असतानाच आली, माणसांनी भराभरा खांब पुरले, डेरा ताणला आणि जाता जाता हिच्या सांगण्यावरून झाडंही खांबांना बांधून दिली. अनुसूयाबाई पुऱ्या लाटत होत्या. खिडकीतून बघतात तर शेजारी डेरा. वाजंत्री नाही, आमंत्रण नाही, केळीचे खुंट नाहीत. वाजंत्रीवाचून दारात डेरा पडतो तो घरातलं कोणी गेलं की, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्या तशाच धावत सुटल्या, फाटक ढकलून, अंगण ओलांडून, ‘वसू, माझ्याशी भांडून तरी जायचं होतंस गं’ असं ओरडत थेट स्वयंपाकघरात. तिथे ही बसलेली. अनुसूयाबाईंनी हिला आपादमस्तक पाहिलं आणि मटकन खाली बसून दुप्पट जोरानं रडायला लागल्या. ही तिथे होती म्हणून त्या रडत होत्या, की आधी नव्हती असं वाटलं म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ही म्हणाली, “आलीच आहेस, तर कॉफी घेऊन जा.”

अनुसूयाबाईंनी पिठाच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळे चेहरा आणखी पांढरा झाला. आणि मग, अक्का, मी स्वतः कानांनी ऐकलं, त्या म्हणाल्या, “स्वल्पच घाल गं.”

आमच्याच लोट्यातून प्यायल्या. दोन प्यायल्या. मी दाराशी उभा राहून रडलो, आणि मला रडताना पाहून अनुसूयाबाईंना वाटलं, की मलाही कॉफी हवी आहे.

पुढे जे झालं ते आवरण्यापलीकडचं होतं. भेटायला म्हणून आलेली माणसं, त्यांना आता परत कसं लावायचं? आणि जिच्यासाठी आलो ती बाई कपबश्या मांडते आहे म्हटल्यावर त्यांनाही कसं निघता येईल? एकेक करून सगळे फाटकातून आत आले, डेऱ्याखाली बसले, कॉफी प्यायले. हार आणणाऱ्या गृहस्थांनी तो अंगामागे लपवला होता, तो हिनंच मागून घेतला आणि दारावर लावला. दूध संपलं, तेव्हा अनुसूयाबाईंनी घरून पितळी भांडं भरून आणलं आणि जाताना ते भांडं, आत आमच्याकडची चकली घालून, परत नेलं. भीमाचार्यांना पुन्हा आंघोळ करावी की नको असा प्रश्न पडला. शेवटी त्यांनी कॉफीनंतर बघू असं ठरवलं.

रविवारी परीक्षक आले. तिघं होते, त्यांतले एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, भिंग घेऊन. त्यांना बाग सापडेना. डेऱ्याखाली गल्ली जमलेली, आणि प्रत्येक जाड खांबाला एकेक डेरे माझ्या पेट्यानं जखडलेलं, जणू पळून जाईल म्हणून. त्यांनीही कॉफी घेतली. पहिलं बक्षीस दोन गल्ल्या पलीकडच्या एका गृहस्थांना मिळालं, ज्यांच्याकडे नुसती हिरवळ आहे. आमच्याबद्दल प्राध्यापकांनी शेरा दिला, की फुलं उत्तम, मात्र झाडांच्या मानानं आधार फार. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. हिनं ऐकलाच नाही. ती आणि अनुसूयाबाई आत चकलीच्या भाजणीवरून भांडत होत्या.

म्हणून हे आभार. तुमच्या कंदांचे, त्या वादळाचे, नंजुंडप्पांचे, आणि माझ्या कन्नडचेसुद्धा. परवा रात्री मला दोन वर्षांनी झोप लागली, कारण डिकॉक्शन उरलं नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. थोरल्या बहिणीनं एवढ्या दुरून पार्सल शिवून पाठवावं आणि त्यातून घर पुन्हा घर व्हावं, याला शब्द कुठून आणू? तुमच्या हातच्या त्या गोणपाटाच्या टाक्यांना नमस्कार करून थांबतो.

तुमचाच, कंबर धरलेला,
हयवदन

ता.क. आता खरं सांगतो, पत्र लिहायला बसलो ते या ओळींसाठी. या दोन वर्षांत तुमच्याकडून लोणचं आलं, गोधडी आली, कंद आले, दर पंधरवड्याला पत्र आलं. तुम्ही तेवढ्या आला नाहीत. मी कारण विचारत नाही. घरात लहान मुलं आहेत, धाकटी नाजूक आहे, काळजी वाटणारच. मी तुमच्या जागी असतो तर मलाही वाटली असती. म्हणूनच गेल्या आठवड्यात डॉक्टरांना पुन्हा स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, बाईंपासून कोणालाही काही भीती नाही, भीती असलीच तर त्यांच्या कॉफीपासून. नवरात्रात इकडच्या रीतीप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या आहेत, वरच्या पायरीवर तुमच्या हातचीच मांडणी लागते. दाजींना आणा, नातवंडांना आणा. नुसत्या तुम्ही आलात तरी चालेल.

ता.क. (सौ. वसुमतीच्या हातचा) वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. ह्यांना दाखवू नका. डेरावाले आले तेव्हा मी फाटकातच होते. त्यांनी विचारलं, “अम्मा, डेरे एल्लि हाकोदु?” कुठे घालायचा? मी त्याच मुलखातली, शब्द कानावर पडताच सगळं कळलं. गाडी तशीच परत पाठवता आली असती. पण मी फाटकाकडे बघितलं आणि म्हटलं, इथेच घाला, फाटकापासून दारापर्यंत. वाटलं, लग्नमुंज समजून तरी कोणी विचारायला आत येईल. मी गेले असं समजतील, हे काही मनात आलं नव्हतं. ह्यांना भिंत धरत धरत आत यावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. पण कोणी माझ्यासाठी अशी अनवाणी धावत येईल, हे मला जिवंतपणी बघायला मिळालं. त्या दिवसापासून हे कन्नड बोललेले नाहीत. चूक त्यांचीच आहे असं त्यांना वाटतंय, ते तसंच राहू द्या, घर शांत आहे.

वन्सं, तुम्ही मात्र मला डेरा घालायला न लावता या.